शीत-संमीलनाची वार्ता आणि शेतकऱ्याची परीक्षा

भाताची मळणी आटोपली आणि वालाची पेर झाली म्हणजे रोह्याकडील शेतकऱ्यास चार घटका निवांत बसून बोलण्यास सवड मिळते. अशाच एका सायंकाळीं कुंडलिकेच्या कांठच्या एका गांवीं आम्ही मंडळींत बसलों असतां बोलणें बियाण्यावरून विजेच्या बिलावर व बिलावरून एका नव्याच यंत्रावर गेलें. पेलाभर पाण्यांतून घरास ऊब व पंपास वीज देणारी भट्टी निघाली आहे. तिला कोळसा नको, तेल नको. तिचा धूर नाहीं, राख नाहीं. आणि जो आगाऊ रक्कम भरून नांव नोंदवील त्यास ती प्रथम मिळेल, असें कोणी एक गृहस्थ सांगून गेल्याचें एकानें कळविलें. ताबडतोब मंडळींत दोन तट पडले. एक म्हणाला, ही शुद्ध भोंदूगिरी आहे. दुसरा म्हणाला, आमच्या आजोबांनीं रेडिओ प्रथम ऐकला तेव्हां त्यांस तीहि भोंदूगिरीच वाटली होती. तिसरे एक वयस्क गृहस्थ मात्र कांहीं बोलत नव्हते. सौर पंपाच्या हिश्श्याचे पैसे त्यांनीं घरीं काढून ठेवले होते. ते भरावे, कीं या भट्टीची वाट पाहावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. शेतकऱ्याचा पैसा एकदां चुकीच्या जागीं गेला म्हणजे त्याबरोबर एक हंगामहि जातो. उलट, प्रत्येक नव्या गोष्टीस पाठ फिरविणारा शेतकरीहि मागेंच पडतो. म्हणून या ‘पाण्यांतल्या चुलीची’ हकीकत मुळापासून सांगावी व तिची परीक्षा कशी करावी याचा विचार वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हीं योजिलें आहे.

कल्पना पोकळ नाहीं

पाण्यांत जो हायड्रोजन असतो त्याचे सर्व अणु सारख्या वजनाचे नसतात. सुमारें साडेसहा हजारांत एक अणु दुप्पट वजनाचा असतो. त्यास ड्यूटेरियम म्हणतात, आणि अशा अणूंचें जें पाणी तें जड पाणी. कुंडलिकेच्या पाण्यांत तें आहे व खाडीच्या पाण्यांतहि आहे. दर लिटरमागें ड्यूटेरियम भरतो तो सुमारें ३३ मिलिग्रॅम. एवढ्याशा ड्यूटेरियमच्या अणूंचे गाभे एकमेकांत मिसळून एकजीव करतां आले, तर त्यांतून निघणारी शक्ति सुमारें तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकी होईल. या मिलाफास संमीलन म्हणतात. सूर्याच्या पोटांत हायड्रोजनचें संमीलन अखंड चालू आहे, व त्याच उष्णतेवर आपलें भात पिकतें.

अडचण एकच, पण ती डोंगराएवढी आहे. दोन्ही गाभ्यांवर एकाच जातीचा विद्युत्भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात. सूर्याच्या मध्यभागीं दीड कोटि अंश उष्णता व प्रचंड दाब आहे, म्हणून तेथें हें घडतें. पृथ्वीवर तसा दाब नसल्यामुळें दहा कोटि अंशांहून अधिक उष्णता लागते. १९५५ सालीं जिनीव्हा येथील परिषदेचे अध्यक्ष या नात्यानें डॉ. होमी भाभा यांनीं, दोन दशकांत हें संमीलन माणसाच्या ताब्यांत येण्याचा मार्ग सांपडेल, असें भाकीत केलें होतें. त्यास सत्तर वर्षें होऊन गेलीं. गांधीनगर येथें ‘आदित्य’ नांवाच्या यंत्रावर १९८९ पासून प्रयोग झाले. फ्रान्समध्यें भारतासह अनेक राष्ट्रें मिळून एक प्रचंड यंत्र उभारीत आहेत. आणि डिसेंबर २०२२ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका प्रयोगशाळेनें २.०५ मेगाज्यूल लेसर-शक्ति घालून ३.१५ मेगाज्यूल शक्ति बाहेर काढली. पण तो लेसर चालविण्यास तारेंतून सुमारें ३०० मेगाज्यूल वीज खर्चीं पडली होती. शंभर मण पेरून मणभर उगवावें, तसा हा हिशेब आहे. तरी तो मण खरोखर उगवला, व सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजला गेला, हें विसरतां कामा नये.

जड पाणी आमच्या वाचकांस परकें वाटावयास नको. अलिबाग तालुक्यांत थळ येथें ज्या कारखान्याचा युरिया आपण भाताला देतों, त्यालाच लागून जड पाण्याचा कारखाना १९८७ सालीं सुरू झाला. खताकरितां जो वायु तयार होतो त्यांतील हायड्रोजनमधून ड्यूटेरियम काढून घेतात, व उरलेला वायु खताच्या कामीं परत देतात. खताच्या गोणीचें व या नवलाच्या पाण्याचें असें सख्खें नातें आपल्याच जिल्ह्यांत आहे.

१९८९ ची वार्ता

२३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं वार्ताहरांस बोलावून एक आश्चर्य जाहीर केलें. जड पाण्याच्या भांड्यांत पॅलेडियम धातूची कांडी व प्लॅटिनमची तार ठेवून वीज सोडली असतां, घातलेल्या विजेच्या मानानें अधिक उष्णता निघते, असें त्यांचें म्हणणें होतें. कोरडी माती पाणी शोषते तसा पॅलेडियम हायड्रोजन शोषून घेतो. त्यांत कोंडलेले ड्यूटेरियमचे गाभे इतके जवळ येतात, कीं सूर्याच्या उष्णतेवांचूनहि त्यांचा मिलाफ होतो, अशी त्यांची उपपत्ति होती. दहा कोटि अंशांची भट्टी नको, मेजावरचें कांचेचें भांडें पुरे! हेंच तें शीत-संमीलन.

जगांत खळबळ उडाली. यूटा राज्यानें या कामास पन्नास लक्ष डॉलर मंजूर केले. प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेंत पॅलेडियमच्या कांड्या बुडूं लागल्या. पण इंग्लंडांतील हारवेल, अमेरिकेंतील कॅलटेक व एम. आय. टी. अशा नामांकित ठिकाणीं जादा उष्णता मिळाली नाहीं. नोव्हेंबर १९८९ मध्यें अमेरिकन सरकारच्या तज्ज्ञ-मंडळानें, पुरावा पटण्याजोगा नाहीं व खास संस्था काढण्याचें कारण नाहीं, असा अभिप्राय दिला. वर्षाच्या आंतच आकाशांत चढलेला हा पतंग बहुतेकांच्या मतें जमिनीवर आला.

ट्रॉम्बे येथील प्रयोग

या प्रकरणांत आपल्या देशाचा भाग लहान नव्हता. मुंबई बंदराच्या पलीकडच्या कांठावर ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेव्हां डॉ. पी. के. अय्यंगार हे त्याचे संचालक होते. जड पाणी, न्यूट्रॉन मोजण्याचीं उपकरणें व ट्रिटियम ओळखण्याचें कसब हीं तिन्ही तेथें आयतीं होतीं. वार्ता येतांच तेथील अनेक गट कामास लागले, व महिनाभरांतच, एप्रिल १९८९ मध्यें, न्यूट्रॉनचे झोत आढळल्याची पहिली नोंद झाली. पुढें डिसेंबर १९८९ मध्यें डॉ. अय्यंगार व डॉ. एम. श्रीनिवासन यांनीं संपादिलेला या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध झाला. न्यूट्रॉन व ट्रिटियम हे दोन्ही, म्हणजे संमीलनाचे मागे राहणारे माग, आपणांस दिसले, असें त्यांत नमूद होतें.

पण या मागांचा मेळ बसेना. नेहमींच्या संमीलनांत ट्रिटियम व न्यूट्रॉन जवळजवळ सारख्या संख्येनें निघतात. येथें ट्रिटियम न्यूट्रॉनच्या सुमारें कोटिपट होता. आशावादी म्हणाले, ही निसर्गाची अजून न समजलेली नवी रीत आहे. संशयवादी म्हणाले, मोजण्यांत किंवा पदार्थांच्या शुद्धतेंत कोठें तरी चूक असली पाहिजे. याहून मोठी अडचण ही, कीं तोच धातु, तेंच पाणी व तीच वीज असतांहि एका भांड्यांत कांहीं दिसे व दुसऱ्यांत कांहींच दिसत नसे. पुढें केंद्राची सूत्रें दुसऱ्या हातीं गेलीं, व १९९० नंतरच्या दशकांत हें काम मागें पडत जाऊन थांबलें. डॉ. अय्यंगार यांस मात्र तें पुन्हां हातीं घ्यावें असें अखेरपर्यंत वाटत होतें. २०११ च्या डिसेंबरांत ते निवर्तले. त्याच वर्षाच्या आरंभीं या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नई येथें भरली होती, व २०१५ सालीं ‘करंट सायन्स’ या आपल्या देशांतील नियतकालिकानें त्यास एक खास विभाग दिला.

हें सविस्तर सांगण्याचें कारण असें, कीं शीत-संमीलनाच्या मागें लागलेले सर्व लोक भोंदू होते, हें खरें नाहीं. आपला देश ज्यांस मान देतो अशीं माणसें त्यांत होतीं. आणि प्रामाणिक माणसानें पाहिलेलें सर्वच खरें ठरतें, हेंहि खरें नाहीं. माणूस प्रामाणिक असणें व शोध खरा असणें, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजारांत यांची गल्लत होते, व तिच्यावरच पुष्कळांचा धंदा चालतो.

शंकेचीं कारणें

संशयवाद्यांचीं कारणें दोन आहेत, व तीं दोन्ही शेतकऱ्यास समजण्याजोगीं आहेत. पहिलें जमाखर्चाचें. भांड्यांत वीज घातली म्हणजे पाण्याचे दोन वायु होतात. त्या वायूंबरोबर कांहीं शक्ति बाहेर जाते असें धरून हिशेब मांडला, पण ते वायु आंतच पुन्हां एक झाले, तर ती उष्णता भांड्यांतच परत येते व कागदावर ‘जादा’ म्हणून दिसते. घरचेंच भात दुसऱ्या दारानें आंत आणून त्यास नवें उत्पन्न म्हणावें, तसा हा प्रकार होतो. उष्णतामापनाचें काम यामुळेंच फार जोखमीचें आहे.

दुसरें कारण मागाचें. बिबट्या येऊन गेला तर चिखलांत पाऊल उमटतेंच. ड्यूटेरियमचें नेहमींचें संमीलन होऊन एक वॅट उष्णता निघत असेल, तर दर सेकंदास सुमारें एक लाख कोटि न्यूट्रॉन बाहेर पडावयास हवेत. तेवढे पडले असते तर भांड्याजवळ उभा राहणारा प्रयोगकर्ता वांचलाच नसता. उष्णता कित्येक वॅट सांगावयाची, व न्यूट्रॉन मात्र नांवापुरते दाखवावयाचे, ही विसंगति आजवर कोणीहि सर्वांस पटेल अशी सोडविलेली नाहीं.

बाजारांतील भट्ट्या

प्रयोगशाळेंतील वाद असा चालू असतां बाजार थांबत नाहीं. जानेवारी २०११ मध्यें इटलींत बोलोन्या येथें आन्द्रेआ रोसी यांनीं निकेलची पूड व हायड्रोजन यांवर चालणारी एक भट्टी दाखविली, व ती घातलेल्या विजेच्या कित्येक पट उष्णता देते असें सांगितलें. आंत काय आहे तें गुपित ठेवण्यांत आलें. पुढें एका अमेरिकन कंपनीनें तींत एक कोटि डॉलरांहून अधिक रक्कम घातली. उरलेल्या रकमेसाठीं २०१६ सालीं रोसी न्यायालयांत गेले, कंपनीनेंहि उलट आरोप केले, आणि २०१७ सालीं तडजोड झाली. त्या भट्टीचा दावा तटस्थ माणसांनीं स्वतंत्रपणें पडताळून सिद्ध केलेला नाहीं. आपल्या देशांत १९९६ सालीं तामिळनाडूंतील रामर पिल्ले यांनीं वनस्पति पाण्यांत उकळून पेट्रोल होतें असें सांगून मोठमोठ्या संस्थांचें लक्ष वेधिलें होतें. २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्यांस फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सांगितली.

दुसऱ्यांचे दाखले देतांना आमची स्वतःची चूक लपविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं विजेचें बिल निम्म्यावर आणणारी एक पेटी आम्हीं पंपाच्या खोलींत बसविली. विक्रेत्यानें दिवा लावून दाखविला, शेजारच्या तालुक्यांतील चार नांवें सांगितलीं, व आमची खात्री पटली. पहिल्या महिन्याचें बिल कमी आलें तेव्हां आम्हीं ती चार जणांस मोठ्या प्रौढीनें दाखविलीहि. पुढें ध्यानांत आलें, कीं त्या महिन्यांत अवकाळी पाऊस पडून पंपच थोडा चालला होता. पेटी बसविण्यापूर्वीं तासामागें किती युनिट पडतात, हें आम्हीं कधींच लिहून ठेवलें नव्हतें. तुलनेस मागचा आंकडाच नव्हता. विक्रेत्याचा दोष असेल तो असो. पण मीटर भिंतीवर असून न पाहण्याचा दोष आमचा होता.

शेतानें शिकविलेली कसोटी

मजेची गोष्ट ही, कीं नव्या दाव्याची परीक्षा कशी करावी, हें जगाला बऱ्याच अंशीं शेतीनेंच शिकविलें आहे. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १८४३ पासून गव्हाच्या एका शेतांत खताचे निरनिराळे पट्टे करून पाहतात, आणि त्यांतील एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवलेला आहे. तो पट्टा नसता तर पीक खतानें वाढलें कीं पावसानें, हें कोणीं सांगितलें असतें? १९१९ सालीं तेथें रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनीं याच शेतांच्या नोंदींवरून प्रयोगाची मांडणी व आंकड्यांची छाननी यांचें शास्त्र उभें केलें. तेंच आज औषधांच्या परीक्षेपासून सर्वत्र वापरतात. त्याच १९१९ सालीं आपल्या जिल्ह्यांत कर्जत येथें भात-संशोधनाचें काम सुरू झालें. कर्जतचें बियाणें असो वा खाऱ्या जमिनीसाठीं निघालेलें पनवेलचें असो, तें आपल्या हातीं येण्यापूर्वीं जुन्या वाणाशेजारीं, अनेक ठिकाणीं व अनेक हंगाम लावून मोजलेलें असतें. म्हणूनच आपण तें निर्धास्तपणें पेरतों.

शीत-संमीलनास हीच कसोटी लावली म्हणजे त्याची खरी स्थिति ध्यानांत येते. पहिली अट, शेजारीं बिनखताचा पट्टा हवा. म्हणजे जड पाण्याच्या भांड्याशेजारीं साध्या पाण्याचें भांडें, व दोहोंस सारखेंच माप. दुसरी अट, दुसऱ्याच्या शेतांतहि तें उगवलें पाहिजे. लावणारा बदलला कीं पीक जातें, तें वाण नव्हे. तिसरी अट, माप विकणाऱ्याचें नको, घेणाऱ्याचेंहि नको, तर तिऱ्हाइताचें हवें. या तीन अटी सर्व मिळून पुऱ्या करणारा, जेव्हां करावा तेव्हां तेंच फळ देणारा शीत-संमीलनाचा प्रयोग छत्तीस वर्षांत कोणीहि सर्वांपुढें ठेवलेला नाहीं.

आशेस जागा

तरीहि दार बंद करून टाकावें, असें आम्हांस वाटत नाहीं. गूगल कंपनीच्या पैशानें सुमारें तीस शास्त्रज्ञांनीं २०१५ पासून हा विषय पुन्हां तपासला. २०१९ सालीं त्यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत, शीत-संमीलनाचा पुरावा सांपडला नाहीं, असें मोकळेपणें लिहिलें. पण पॅलेडियममध्यें हायड्रोजन भरण्याचें व सूक्ष्म उष्णता मोजण्याचें ज्ञान त्यामुळें वाढलें. २०२३ सालीं अमेरिकन सरकारच्या एका संस्थेनें आठ गटांस मिळून एक कोटि डॉलर देऊन या प्रश्नाचा एकदांचा निकाल लावण्याचें ठरविलें. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर येथील शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं पॅलेडियमवर ड्यूटेरियमचा मारा चालू असतां दुसऱ्या बाजूनें विजेच्या साहाय्यानें त्यांत आणखी ड्यूटेरियम भरला, तर संमीलनाचें प्रमाण सुमारें पंधरा टक्क्यांनीं वाढतें. येथें पुरावा न्यूट्रॉनचा, म्हणजे पावलांचा होता. यंत्रास लागणारे वॅट पंधरा होते, व संमीलनाची शक्ति वॅटच्या अब्जांश भागाएवढी. हें त्यांनीं स्वतःच सांगितलें, व म्हणूनच त्यांच्या पंधरा टक्क्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. जो आपलें उणें आधीं सांगतो त्याच्या मालाचें वजन करण्यास आपणांसहि हुरूप येतो.

म्हणजे शीत-संमीलन आज बियाण्याच्या पिशवींत नाहीं. तें प्रयोगाच्या वाफ्यांतहि अजून धड रुजलेलें नाहीं. वाफ्याला पाणी घालणें हें सरकारचें, विद्यापीठांचें व ज्यांचे हात मोकळे आहेत अशा धनिकांचें काम आहे, आणि तें त्यांनीं अवश्य करावें. शेतकऱ्यानें गहाणाचा किंवा बियाण्याचा पैसा त्यांत घालूं नये.

एक खूण आणखी सांगतों. सह्याद्रीवरून मुळशीचें पाणी भिऱ्यास उतरवून वीज काढण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ पासून मोठा लढा झाला, व त्यांत सेनापति बापट पुढें होते. पण पाण्यापासून वीज होईल कीं नाहीं, असा वाद कोणीं घातला नाहीं. वाद होता तो बुडणाऱ्या जमिनींचा. १९२७ सालीं वीजघर सुरू झालें, वीज मुंबईस गेली, व खालीं सोडलेलें पाणी कुंडलिकेंत येऊन पुढें डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून आपल्या शेतांसहि मिळालें. शोध खरा असला म्हणजे भांडण किंमत कोणीं द्यावी व लाभ कोणास व्हावा याचें असतें. ज्या यंत्राबद्दल अजून ‘चालतें कीं नाहीं’ एवढाच वाद आहे, त्याची आगाऊ किंमत ठरविण्याची वेळ आलेली नाहीं.

त्या वयस्क गृहस्थांस आम्हीं दिलेलें उत्तर हेंच होतें. सरकारी योजनेंत सौर पंपास सर्वसाधारण शेतकऱ्यानें दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें पांच टक्के हिस्सा भरावयाचा असतो. त्या पंपांतहि उणीवा आहेत. आभाळ भरलें कीं तो मंदावतो. पण तो शेजारच्या शेतांत चालतांना दिसतो, व त्याचें पाणी पाटांत मोजतां येतें. वालाला पाणी या हिंवाळ्यांत हवें आहे, शोध लागेल तेव्हां नव्हे. उद्यां शीत-संमीलन खरें ठरलें, तर सूर्यावर चाललेला पंप त्याच्या आड येणार नाहीं.

आणि त्या भट्टीवाल्या गृहस्थांस आमचा निरोप असा आहे. त्यांनीं यंत्र घेऊन रोह्यास यावें. आम्ही त्यांस एक खोली देऊं, शेजारीं तेवढ्याच शक्तीची साधी विजेची शेगडी ठेवूं, आंत जाणाऱ्या तारेवर मीटर लावूं, व बाहेर येणारें ऊन पाणी मापानें भरून घेऊं. नोंदवही आमच्या किंवा त्यांच्या हातीं न ठेवतां महाविद्यालयांतील एखाद्या तिऱ्हाईत शिक्षकाच्या हातीं देऊं. तीस दिवस यंत्र चालूं द्यावें. त्यांत काय आहे तें गुपित त्यांनीं खुशाल ठेवावें. आम्हांस केवळ जमा व खर्च पाहावयाचा आहे. तीस दिवसांनीं जमा अधिक निघाली, तर पहिलें नांव आम्ही नोंदवूं. तोंवर आमच्या मंडळींनीं एक पैहि आगाऊ देऊं नये.